वाचकांचे प्रश्न : इंजिन हवा कुठून घेते?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रिमाँट येथे राहतो. दोन वर्षांपूर्वी मी १९७७ सालची फोक्सवॅगन वेस्टफालिया कॅम्पर व्हॅन विकत घेतली. इंजिन दोन लिटरचे, एअर-कूल्ड आणि मूळच्या फ्युएल इंजेक्शनचे आहे. इंजिन गरम झाल्यावर स्लो, म्हणजे पेडल न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, स्थिर राहत नाही. ते मिनिटाला आठशे फेऱ्यांवरून बाराशेपर्यंत जाते आणि पुन्हा खाली येते. उतारावर पाय काढला की सायलेन्सरमध्ये फटाके फुटल्यासारखा आवाज होतो आणि चढावर गाडी दम धरत नाही. एका मेकॅनिकने हवा मोजणाऱ्या पेटीवरचा स्क्रू फिरवून मिश्रणातील पेट्रोल वाढवून दिले, त्याने दोन आठवडे बरे वाटले. नंतर गाडी स्मॉग (धुराच्या प्रदूषणाच्या) चाचणीत नापास झाली. हायड्रोकार्बन मर्यादेबाहेर होते आणि कार्बन मोनॉक्साइड मात्र अगदी कमी. मुंबईत वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीवर हात काळे केलेले असल्यामुळे इंजिन कुठून तरी हवा घेत असावे असा संशय मला पहिल्यापासून आहे. परंतु सगळीकडे कार्ब्युरेटर क्लीनर फवारूनही काही सापडले नाही. शोध कसा घ्यावा?

उत्तर : आपला संशय बरोबर आहे, आणि स्मॉग चाचणीच्या कागदावर त्याचा पुरावाही आहे. मिश्रणात पेट्रोल जास्त असते तेव्हा कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तो कमी असून हायड्रोकार्बन वर गेले आहेत, याचा अर्थ मिश्रण इतके पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) झाले आहे की काही ठोक्यांना ते पेटतच नाही आणि न जळलेले पेट्रोल तसेच बाहेर पडते. स्पार्क प्लग किंवा त्याची वायर खराब असली तरी असाच आकडा येऊ शकतो, म्हणून ते आधी तपासावे. पण गरम इंजिनाचे वरखाली होणारे स्लो, उतारावरचे फटाके आणि चढावरची दमछाक ही तिन्ही लक्षणे एकत्र असल्यामुळे माझा कौल हवेच्या गळतीलाच आहे. फटाक्यांबाबत एक सावधगिरी सांगतो. सायलेन्सरचा एखादा जोड फुटलेला असला तरी ते वाजतात, त्यामुळे त्या एका लक्षणावर विसंबू नये.

पद्मिनीचा अनुभव येथे अर्धाच कामाला येईल. कार्ब्युरेटरच्या इंजिनात गळती शोधायची म्हणजे कार्ब्युरेटरच्या बुडापासून सिलिंडरपर्यंतचा टप्पा तपासायचा. आपल्या व्हॅनमध्ये बॉशची एल-जेट्रॉनिक पद्धत आहे. एअर क्लीनरमधून आलेली हवा एका पेटीतील स्प्रिंग लावलेली झडप ढकलत पुढे जाते, ती झडप किती उघडली त्यावरून संगणक हवेचा अंदाज घेतो आणि तेवढ्याच मापाने इंजेक्टर उघडतो. या झडपेला वळसा घालून आत शिरणारी प्रत्येक हवा संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नसते. तिच्या वाट्याचे पेट्रोल पडत नाही आणि मिश्रण पातळ होते. म्हणून या इंजिनात शोधाची हद्द थ्रॉटलपासून, म्हणजे पेडल दाबल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेपासून नव्हे, तर त्या पेटीच्या तोंडापासून सुरू होते.

हद्द इतकी लांब असल्यामुळे पहिला प्रश्न असा विचारावा, की गळती थ्रॉटलच्या अलीकडे आहे की पलीकडे? थ्रॉटलच्या पलीकडे, म्हणजे इंजिनाच्या बाजूला, स्लोवर ओढ सर्वांत जास्त असते. छिद्र तेवढेच राहते, पण त्या वेळी इंजिन मुळात थोडी हवा पीत असल्यामुळे चोरट्या हवेचे प्रमाण मोठे ठरते. वेग वाढला की तेच छिद्र नगण्य होते. अलीकडची गळती याच्या उलट वागते. हवा मोजणारी पेटी आणि थ्रॉटल यांच्यामध्ये जो जाड, वळणदार रबरी बूट आहे, त्यात स्लोवर ओढ जवळजवळ नसते. त्याच्या वळ्यांच्या खाचेत चीर पडली असेल तर उभ्या गाडीत ती मिटलेली राहते. चढावर इंजिन भाराखाली हलते, बूट ताणला जातो, हवेचा ओघही वाढतो आणि चीर उघडते. आपल्या गाडीला स्लोचाही त्रास आहे आणि चढाचाही. त्यामुळे एकाहून अधिक ठिकाणी गळती असण्याची तयारी ठेवावी. आपल्या फवारणीत काही न सापडण्याचे एक कारणही यातच आहे, कारण उभ्या गाडीत स्लोवर फवारून बुटातील चीर सापडणे कठीण. बूट काढून, उजेडात धरून, प्रत्येक वळी बोटांनी फाकवून पाहावी.

आता या इंजिनाचा खरा चकवा सांगतो. क्रँककेसमधील, म्हणजे इंजिनाच्या ऑइल असलेल्या खालच्या पोकळीतील, वाफा बाहेर न सोडता एका नळीने याच बुटात आणलेल्या आहेत. परिणामी क्रँककेसची संपूर्ण पोकळी हवेच्या मोजलेल्या वाटेचा भाग बनते. ऑइल भरण्याच्या टोपणाची वाळलेली रबरी चकती, ऑइल मोजण्याच्या पट्टीच्या तोंडाचे सैल रबर, टॅपेट कव्हरचे कडक झालेले गॅस्केट, पुशरॉडच्या नळ्यांची सीले, या प्रत्येक ठिकाणाहून हवा आत येते. ‘ऑइल थोडे पाझरते, जुनी गाडी आहे, चालायचेच’ असे म्हणून आपण जी जागा पुसून सोडून देतो, तीच जागा या इंजिनात मिश्रण बिघडवते. दोन-चार डॉलरच्या चकतीसाठी इंजेक्टर आणि संगणक बदलून बसलेले मालक मी पाहिले आहेत.

यावरूनच पहिली चाचणी निघते आणि तिला एक पैसाही लागत नाही. इंजिन गरम करून स्लोवर ठेवावे आणि ऑइलचे टोपण काढावे. एवढे मोठे भोक उघडल्यावर हवा पेटीऐवजी तिथूनच येऊ लागते, पेटीतील झडप मिटू लागते आणि इंजिन अडखळले पाहिजे किंवा बंदच पडले पाहिजे. तसे झाले तर हवेची वाट बऱ्यापैकी बंदिस्त आहे असे समजावे. टोपण काढूनही इंजिनाला काहीच फरक पडला नाही, तर दुसरीकडे आधीच तेवढीच मोठी वाट मोकळी आहे, किंवा कोणी तरी मिश्रण इतके वाढवून ठेवले आहे की ही हवा त्यात पचून जाते. आपल्या गाडीत मेकॅनिकचा हात फिरलेला असल्यामुळे ही दुसरी शक्यता विसरू नये. गाडी सुरू होऊन किल्ली सोडताच बंद पडत असेल तर तेही याच जातीचे लक्षण आहे, कारण इंजिन सुरू झाल्यानंतर पेट्रोलचा पंप चालू ठेवणारा संपर्क त्या झडपेवरच असतो. झडप हललीच नाही तर पंप थांबतो.

पुढच्या चाचण्यांकडे वळण्यापूर्वी कार्ब्युरेटर क्लीनरचा डबा बाजूला ठेवावा, अशी आग्रहाची विनंती आहे. या व्हॅनमध्ये इंजिन मागच्या बंदिस्त कप्प्यात असते आणि त्याच कप्प्यातील हवा थंड करणारा पंखा जोराने ओढत असतो. फवारलेला द्रव आपण नेम धरलेल्या जागी न राहता पंख्यातून तापलेल्या हेडवर आणि एक्झॉस्टकडे जातो. जुन्या पेट्रोलच्या नळ्यांमुळे या गाड्या जळाल्याची उदाहरणे इतकी आहेत, की त्यात आपण भर घालू नये. किंबहुना गळतीचा शोध सुरू करण्याआधी इंजिनावरील पेट्रोलची प्रत्येक रबरी नळी वाकवून पाहावी. बारीक भेगा दिसल्या, रबर चिवट न राहता ठिसूळ लागले किंवा शेवटची कधी बदलली हे ठाऊक नसेल, तर फ्युएल इंजेक्शनच्या दाबासाठी बनवलेल्या नळ्या आणून सगळ्या एकदम बदलाव्यात. हे काम गळतीच्या कामापेक्षा तातडीचे आहे.

फवारणीला पर्याय साध्या पाण्याचा. झाडांवर पाणी मारायच्या बाटलीने बारीक फवारा इनटेकच्या नळ्या हेडला जिथे मिळतात तिथे आणि इंजेक्टरच्या बुडाशी मारावा, मात्र डिस्ट्रिब्युटर आणि प्लगच्या टोप्या सांभाळाव्यात. पाणी क्षणभर फट बुजवते आणि इंजिनाचा आवाज बदलतो, कधी पाणी आत ओढल्याचा फुर्र आवाजही येतो. दुसरी सोय कानाची आहे. हातभर लांबीच्या रबरी नळीचे एक टोक कानाशी धरून दुसरे टोक जोडांवरून फिरवावे. पंख्याच्या आवाजातही बारीक शीळ ओळखू येते.

नळ्यांसाठी सर्वांत चांगली पद्धत चिमटा लावण्याची. ब्रेक बूस्टरची नळी, ऑक्झिलरी एअर रेग्युलेटरची नळी, वेग सोडताना उघडणाऱ्या डिसेल व्हॉल्व्हची नळी, चारकोल कॅनिस्टरकडून येणारी नळी आणि डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डबीच्या नळ्या एकेक करून मऊ जबड्याच्या पकडीने दाबाव्यात आणि प्रत्येक वेळी स्लोमध्ये फरक पडतो का ते पाहावे. बूस्टरची नळी दाबल्यावर इंजिन सुधारले तर दोष बूस्टरकडे किंवा त्याच्या वाटेत आहे. या व्हॅनमध्ये इंजिन मागे आणि बूस्टर पुढे असल्यामुळे ती वाट गाडीच्या पोटाखालून लांबवर जाते आणि मधले रबरी जोड सहसा कोणी पाहत नाही. डिसेल व्हॉल्व्हचा पडदा फाटला की तो कायमची गळती होऊन बसतो. डिस्ट्रिब्युटरच्या डबीची नळी काढून तोंडाने हवा ओढावी आणि जीभ लावून धरावी. ओढ टिकली नाही तर पडदा गेला आहे, आणि तेव्हा गळतीबरोबर टायमिंगचाही, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेचाही, घोटाळा असतो.

ऑक्झिलरी एअर रेग्युलेटरचे प्रकरण थोडे वेगळे आहे, म्हणून त्यावर स्वतंत्र लिहितो. थंड इंजिनाला जास्त हवा मिळावी म्हणून तो उघडा असतो आणि काही मिनिटांत त्यातील विजेच्या तारेने तापून बंद होतो. गरम इंजिनावर त्याची नळी दाबून स्लो खाली आले तर तो पूर्ण बंद होत नाही असे ठरते. पण त्यातून येणारी हवा पेटीतून मोजून आलेली असते. त्यामुळे स्लो वाढते, मिश्रण मात्र पातळ होत नाही. आपल्या गाडीत दोन्ही दोष एकत्र असतील तर स्लो वरखाली होण्याचे कोडे सुटेल. एक्झॉस्टमधील थोडा वायू पुन्हा आत घेणारा ईजीआर व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला तरीही स्लो असेच खडखडते. तिथे गळती शोधून काही हाती लागणार नाही, तो उतरवून साफ करावा.

इतके करूनही पत्ता लागला नाही तर धुराची चाचणी घ्यावी. हल्ली बहुतेक गॅरेजांत तिचे यंत्र असते आणि बेबी ऑइल तापवून धूर करणारी घरगुती साधनेही लोक बनवतात. एअर क्लीनरकडील तोंड घट्ट बंद करावे, थ्रॉटल थोडा उघडा अडकवून ठेवावा, म्हणजे धूर दोन्ही बाजूंना पोहोचेल, आणि ब्रेक बूस्टरच्या नळीच्या जोडावरून धूर आत सोडावा. दाब एक पीएसआयच्या (चौरस इंचाला एक पौंड) आतच ठेवावा. काँप्रेसर थेट लावल्यास पेटीतील झडप आणि क्रँकची ऑइल सीले दोन्ही बिघडू शकतात. क्रँककेसही या वाटेचाच भाग असल्यामुळे धूर ऑइलच्या पट्टीपाशी, टॅपेट कव्हरपाशी, इनटेकच्या रबरी बाहीपाशी, कुठेही दिसू शकतो. सायलेन्सरमधून आलेला धूर मात्र मोजू नये. एखाद्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह त्या क्षणी थोडे उघडे असतात आणि धूर सरळ पार जातो.

माझ्या अनुभवात या वयाच्या इंजिनात इंजेक्टरची सीले सर्वाधिक वेळा दोषी निघतात. प्रत्येक इंजेक्टरला दोन असतात, हेडच्या उष्णतेने ती प्लॅस्टिकसारखी कडक होतात आणि बाहेरून मात्र शाबूत दिसतात. आठही एकदम बदलावीत. त्यासोबत इनटेक आणि हेड यांमधील गॅस्केट, रबरी बाह्या आणि त्यांचे क्लॅम्प, ऑइल टोपणाची चकती आणि पट्टीचे रबर हेही मागवून ठेवावे. टॅपेट सेटिंग, पॉइंट आणि टायमिंग पुस्तकाप्रमाणे करून मगच पुढे जावे, कारण घट्ट टॅपेटमुळेही स्लो असेच खडखडते. पेट्रोलचा दाबही एकदा मोजून घ्यावा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढलेली असताना तो सुमारे ३५ पीएसआय आणि जोडल्यावर २८ ते ३० च्या आसपास असावा. दाबच कमी असेल तर गळती नसतानाही मिश्रण पातळ होईल.

राहिला मेकॅनिकने फिरवलेला स्क्रू. गळती तशीच ठेवून मिश्रण वाढवणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे. ती स्क्रूपर्यंत थांबली असेल तर ठीक. काही जण पेटीचे काळे झाकण उघडून आतल्या स्प्रिंगचे दातेरी चाकही सरकवतात, आणि मग कारखान्यातील मूळ जुळणी परत मिळवणे फार जिकिरीचे होते. झाकणाभोवतीचा डिंक पूर्वी फोडलेला आहे का, ते पाहावे. सर्व गळत्या बंद करून झाल्यावरच, एक्झॉस्ट वायूचे मोजमाप समोर ठेवून तो स्क्रू पुन्हा लावून घ्यावा. गळती बंद झाल्यावर आधी वाढवलेले मिश्रण अचानक जाड होईल आणि गाडी काळा धूर फेकू लागेल. तेव्हा घाबरून नवी दुरुस्ती काढू नये. तोपर्यंत लांबचे चढ टाळावेत, कारण या इंजिनाला पाण्याचे थंडावण नाही, पातळ मिश्रणाची झळ सरळ एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या सीटला बसते, आणि हेडचे काम निघाले की खर्च कैकपटींनी वाढतो.

प्रश्न : पुण्यात माझी कार्ब्युरेटरची जुनी मारुती ओम्नी आहे. मागील सीट काढून आम्ही दोघांच्या झोपण्याची सोय केली आहे. कार्ब्युरेटर उघडून साफ करून घेतल्यापासून स्लो खूप वाढले आहे. स्लोचा स्क्रू पूर्ण सैल केला तरी खाली येत नाही. ही व्हॅक्यूम लीक, म्हणजे हवेची गळती, आहे का?

उत्तर : असू शकते, पण आधी केबल पाहावी. कार्ब्युरेटर बसवताना अॅक्सिलरेटरची केबल ताठ राहिली किंवा चोकची केबल पूर्ण मागे गेली नाही, तर थ्रॉटल पूर्ण मिटत नाही आणि स्क्रू फिरवून काहीच होत नाही. पुढची सीट उचलून दोन्ही केबल सैल करून पाहाव्यात. स्लो तरीही वरच राहिले तर इंजिन थ्रॉटलच्या पलीकडून हवा घेत आहे. कार्ब्युरेटर नुकताच उघडलेला असल्यामुळे संशय दोनच गोष्टींवर : एखादी व्हॅक्यूम नळी चुकीच्या तोटीवर बसवली गेली किंवा उघडी राहिली, अथवा बुडाचे जुने गॅस्केट तसेच परत लावले. नळ्या एकेक दाबून पाहाव्यात, बुडाशी थोडे पाणी फवारावे. आवाज बदलला तर कार्ब्युरेटर उतरवून बुडाच्या सपाट पृष्ठावर पोलादी पट्टी उभी धरावी आणि मागून उजेड पाहावा. नट एका बाजूने करकचून आवळल्यामुळे हे बूड वाकते, आणि वाकलेल्या बुडावर कितीही गॅस्केट सोल्युशन फासले तरी हवा थांबत नाही. ते सोल्युशन विरघळून आत जाते आणि जेट बुजवते, एवढेच. वाकलेले बूड सपाट करून नवे गॅस्केट घालावे, मधला जाड इन्सुलेटर तडकलेला असेल तर तोही बदलावा आणि नट आलटूनपालटून थोडे थोडे आवळावेत.

प्रश्न : मी डेन्व्हरमध्ये राहतो. माझ्या १९७२ सालच्या फोक्सवॅगन व्हॅनला दोन कार्ब्युरेटर आहेत. व्हॅक्यूम गेजवर (इंजिनाची ओढ पाऱ्याच्या इंचांत दाखवणारे मापक) स्लोला १४ इंच दिसतात, तर पुस्तकात १७ ते २१ लिहिले आहेत. गळती समजावी का?

उत्तर : केवळ या आकड्यावरून समजू नये. पुस्तकातील आकडे समुद्रसपाटीचे असतात. दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच वजा करावा लागतो आणि डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे, म्हणजे आपल्याकडे १२ ते १६ इंच हेच निरोगी माप झाले. पुण्याच्या वाचकांनीही सुमारे दोन इंच सोडून द्यावेत. आकड्यापेक्षा काटा कसा वागतो ते पाहावे. काटा स्थिर पण खाली असेल तर गळती किंवा मागे पडलेले टायमिंग, ठरावीक ठेक्याने झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह. मात्र आपल्या इंजिनात एका कार्ब्युरेटरवर दोनच सिलिंडर असल्यामुळे काटा थोडा थरथरणारच, त्याला दोष देऊ नये. शंका उरलीच तर दोन बाजूंना जोडणाऱ्या बॅलन्स पाइपच्या टोकांची रबरे पाहावीत आणि इंजिन स्लोवर असताना थ्रॉटलचा दांडा बोटांनी वरखाली हलवून पाहावा. हलवताना स्लो बदलले तर दांड्याचे भोक झिजून मोठे झाले आहे. त्याला नवे बुश बसवून घ्यावे लागेल, गॅस्केट बदलून ते सुधारत नाही.